घड्याळ बंद करायचे राहिले

एप्रिलच्या अखेरीस पुण्याहून एका मुलाचा निरोप आला. वय वीस-बावीस असेल, सॅक्सोफोन शिकतो आहे, आणि ज्यांच्या वाजवण्याची एकुलती एक टेप माझ्यापाशी उरली होती त्या वेंगुर्ल्याच्या मास्तरांचा तो नातू. टेपची संगणकावर उतरवलेली प्रत मी त्याला चार दिवसांपूर्वी पाठवली होती आणि आभाराच्या दोन ओळी येतील एवढीच माझी अपेक्षा होती. आभार होतेच, पण त्याखाली त्याने शब्द जपून लिहिले होते की आजोबांबरोबर वाजवून पाहण्याचा त्याने बराच प्रयत्न केला, पण सूर काही जुळत नाही. सूर चढवायला माउथपीस आत ढकलता येतो तेवढा ढकलला, तरी आजोबा वरच राहतात. ‘काका, आजोबा चढे वाजवायचे का?’

हेच मी मास्तरांना त्यांच्या तोंडावर सांगितले होते, आणि तेव्हा त्यात प्रश्नचिन्ह नव्हते.

माझ्या काकांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ म्हणजे चिऱ्याच्या जुन्या घराची मागची दीड खोली. अर्ध्या खोलीत मशिने, मिक्सर, काका आणि मी. पुढच्या पूर्ण खोलीत कलावंत. मध्ये एका खिडकीला दुहेरी काच. भिंतींना सुंभाच्या चटया ठोकलेल्या होत्या आणि कोपऱ्यांत काथ्याने ठासून भरलेली पोती उभी केलेली होती. आमच्याकडे काथ्याला तोटा नव्हता, आणि खोलीचा घुमारा शोषून घ्यायला त्याच्याइतके स्वस्त आणि प्रामाणिक दुसरे काही मला अजूनही ठाऊक नाही. पावसाळ्यात रेकॉर्डिंग बंद असे, कारण कौलांवरच्या पावसापुढे कोणताही मायक्रोफोन हात टेकतो. त्या चार महिन्यांत आमचे काम एकच, टेपा वाचवणे. लाकडी कपाटात सगळ्यांत खालच्या कप्प्यात साठ वॅटचा दिवा रात्रंदिवस जळत ठेवायचा आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक रीळ काढून त्याच्या कडेवर पांढरी बुरशी धरली आहे का ते पाहायचे. कोरड्या प्रदेशातल्या माणसाला कपाटात दिवा जाळणे हा वेडेपणा वाटेल. कोकणात ज्याने चामड्याच्या चपला आषाढात हिरव्या झालेल्या पाहिल्या आहेत, त्याला वाटणार नाही.

काकांचे पोट चाले ते डबलबारीच्या भजनांवर, दशावतारी नाटकांच्या कॅसेटींवर आणि निवडणूक आली की रिक्षांतून फिरवायच्या घोषणांवर. मी कॉलेज आटोपून तिथे पडीक असे. हळूहळू स्पिरिटने हेड पुसणे, रिळे ओवणे, ब्लेडने टेप तिरकी कापून पंचेचाळीस अंशांत जोडणे, अशी कामे माझ्याकडे आली. टेप सरळ कापली तर जोडावर ‘टप्’ असा आवाज येतो. तिरकी कापली की एक आवाज विरत असताना दुसरा उगवतो आणि कानाला सांधा कळत नाही. बाराशे फुटांचे सात इंची रीळ सेकंदाला साडेसात इंच या वेगाने बत्तीस मिनिटे चाले आणि पंधरा इंचांच्या वेगाने अवघी सोळा. भजनाला आम्ही साडेसात लावत असू. मास्तरांसाठी काकांनी पंधराचा वेग लावला. टेप महाग होती आणि या कामाचे पैसे मिळणार नव्हते, हे दोन्ही ठाऊक असताना लावला, म्हणून मला ते लक्षात राहिले आहे.

मास्तर लहानपणी चर्चमधल्या शाळेत स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकले, आणि मिसरूड फुटायच्या आत वेंगुर्ल्याच्या धक्क्यावरून आगबोटीने मुंबईला गेले. धोबीतलावाच्या एका कुडात, जिथे गावोगावची मुले आपापल्या पेट्या भिंतीला लावून दाटीने झोपत, तिथे त्यांना कोणीतरी सॅक्सोफोन हातात दिला. त्या दिवसांत अल्दोनच्या आंतोनियु झेवियर वाझचे, म्हणजे साऱ्या मुंबईच्या ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटचे नाव या पोरांच्या ओठांवर असे. ताजमध्ये १९३५ साली लिऑन अ‍ॅबे आपला कृष्णवर्णीय अमेरिकनांचा बँड घेऊन आला आणि मागोमाग पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला, त्यांचे वाजवणे ऐकून आपल्या माणसांनी हे संगीत उचलले, असे मास्तर सांगत, आणि सांगताना ‘उचलला’ या शब्दाबरोबर हाताने जाळे ओढल्याची खूण करत. पुढे दारूबंदी आली, रात्रीचे बँड रोडावले, आणि पुष्कळ जण सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. मास्तरही गेले. सी. रामचंद्रांची जी गाणी आपण शिट्टीवर वाजवतो, त्यांतल्या कुठल्यातरी एकात मागच्या रांगेत ते होते. कोणत्या, ते त्यांनी कधी सांगितले नाही. ‘मागच्या रांगेतल्या माणसान गाण्याचा नाव सांगूचा नसता,’ एवढेच म्हणत.

मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा ते साठीत होते, गावी परतून बरीच वर्षे झाली होती, आणि ख्रिस्ती लग्नांतल्या रोसाच्या कार्यक्रमाला किंवा फेस्ताच्या मिरवणुकीला वाजवत असत. जॅझ मात्र ते घरी वाजवत, संध्याकाळी, मागच्या पडवीत, माडांकडे तोंड करून. साथीला दोघे जण येत: पोस्टात काम करणारा एक गिटारवाला आणि पाववाल्याचा मुलगा, जो एकाच साइड ड्रमवर तारेच्या ब्रशांनी असा काही फिरवत असे की सारवल्यासारखा आवाज येई. मास्तर रीड, म्हणजे माउथपीसवर बसवायची वेताची पातळ पट्टी, तोंडात भिजत ठेवून मधल्या वेळात एका गालाने बोलत. नवीन रीड मिळणे मुश्कील होते. जहाजावर असलेला पुतण्या वर्षातून एकदा आणी, आणि ते चाकूने तासून तासून एकेक रीड दोन-दोन मोसम चालवत. त्यांच्या सुराला म्हणूनच एक श्वासाची भुरभुर होती, कोवळ्या माडाच्या झावळीतून वारा गेल्यासारखी. मी पुढे मुंबईत पुष्कळ सॅक्सोफोन ऐकले. ती भुरभुर दुसऱ्या कोणाकडे ऐकली नाही, आणि ती कलेची होती की जुन्या रीडची, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

ती मे महिन्यातली संध्याकाळ होती. दिवसा शेजारच्या वाडीतले आंबे उतरवणे चाले आणि रस्त्यावर एसटीची ये-जा असे, म्हणून सातनंतर बसायचे ठरले होते. पंख्याचा आवाज टेपवर येतो म्हणून पंखा बंद, वारा येतो म्हणून खिडक्या बंद, आणि आत तीन माणसे घामाने निथळत होती. मास्तरांनी आल्याबरोबर सदरा काढून खुंटीला लावला आणि बनियनवर वाजवायला उभे राहिले. पायपेटीचे बुवा त्या रात्री कुठल्याशा देवळात दशावताराच्या साथीला गेले होते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन, पहिल्या मशिनवर टेप वाजत असताना साथ करतील आणि दोन्ही मिळून दुसऱ्या मशिनवर उतरवायचे, असा बेत होता. मास्तरांनी आदल्या आठवड्यात बुवांना सांगून ठेवले होते, ‘माझो सा म्हणजे तुमची काळी दोन.’ गिटारवाल्याने मास्तरांच्या सुरावर तारा लावल्या. दिवा पिवळा पडला होता. स्टॅबिलायझर दर दोन मिनिटांनी ‘टक्’ करून व्होल्टेज सावरत होता आणि त्याचा काटा २३० वर उभा राहिला की काकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसे.

बाहेरच्या ओटीवर लोलकाचे घड्याळ होते. रेकॉर्डिंगच्या आधी लोलक बोटाने थांबवणे हे माझे काम होते. त्या दिवशी ते राहिले.

एक फॉक्सट्रॉट झाला, एक संथ चाल झाली, आणि मग बारा बारांचा ब्लूज सुरू झाला. या शेवटच्याबद्दल मला लिहिता येत नाही, म्हणजे त्यात सूर कुठे गेले ते सांगता येईल, पण मी काचेमागे उभा होतो आणि मास्तरांचे डोळे मिटलेले नव्हते, उघडे होते आणि सरळ माझ्याकडे लागलेले होते, तरी ते मला पाहत नव्हते, याच्या पलीकडे सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. चाल संपली. ब्रश थांबला. नियमाप्रमाणे सगळे हालचाल न करता उभे राहिले, कारण शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत टेप थांबवायची नसते. त्यातच उतारावरून एक एसटी आली, म्हणून ती जाईपर्यंत आणखी थांबलो. ती मिनिट-दीड मिनिटाची शांतता टेपवर आहे. मग मास्तर मायक्रोफोनशी वाकून म्हणाले, ‘झिला, आता वाजव बघूया,’ आणि त्याच क्षणी वीज गेली.

वीज रात्री आलीच नाही. टेप आम्ही ऐकली ती दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, बुवा आल्यावर. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले होते. टेपच्या शेवटी वीज गेली त्या जागी एक चमत्कारिक ‘कुईं’ ऐकू आली, वर चढत चढत तुटलेली, मांजरीच्या शेपटीवर पाय पडावा तशी. आम्ही सगळे हसलो आणि मास्तर सर्वांत मोठ्याने हसले. मग बुवांनी कानांवर हेडफोन चढवला, काळी दोन दाबली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पांढरी तीन दाबून पाहिली. पुन्हा काळी दोन. सॅक्सोफोन दोहोंच्या मध्ये कुठेतरी होता, आणि पेटीला दोन पट्ट्यांच्या मधला सूर नसतो. बुवा जुने, भिडस्त गृहस्थ; ते नुसतेच काकांकडे पाहत राहिले. काका काही बोलण्याच्या आत मी बोललो. मी वीस वर्षांचा होतो, वर्षभर हेडफोन लावून बसल्याने आपले कान तयार झाले आहेत असा माझा समज होता, आणि तो समज दाखवायला इतके चांगले प्रेक्षक पुन्हा मिळणार नव्हते.

‘मास्तर, तुम्ही चढे गेलात.’

कारणही माझ्यापाशी तयार होते. उकाड्यात हवा तापते, तापलेल्या हवेत आवाज वेगाने जातो, म्हणून फुंकायचे वाद्य चढते. हे खरेच आहे. फक्त त्या खोलीच्या उकाड्याने एवढा फरक पडायला खोलीची भट्टी व्हावी लागली असती, हा हिशेब मी केला नव्हता. काकांनी हळूच पुस्ती जोडली की वयाने ओठांची पकड बदलते. मास्तरांनी टेप पुन्हा वाजवायला सांगितली, पायपेटीपाशी उभे राहून स्वतः काळी दोन दाबून धरली आणि आपला सूर तिच्यावर घासताना पूर्ण ऐकला. मग म्हणाले, ‘असांदे. माझो ओठ आता म्हातारो झालो.’ पुन्हा वाजवू या, असे काका दोनदा म्हणाले. मास्तरांनी सॅक्सोफोन पेटीत ठेवला, मखमलीच्या तुकड्याने माउथपीस पुसून त्याच्या खाचेत बसवला आणि रीड खिशात टाकली. बुवांची साथ झाली नाही. टेप तशीच कपाटात गेली.

त्यानंतर मास्तर माउथपीस नेहमीपेक्षा थोडा बाहेर काढून वाजवू लागले. फेस्ताच्या मिरवणुकीत मी ते पाहिले, आणि ऐकलेही: ते बँडपेक्षा किंचित उतरे होते. ज्याला आपला कान फसवतो असे एकदा पटले, तो काय ऐकून सूर लावणार? गावात दोन वर्षांनी लोक म्हणू लागले की म्हातारा आता उतरला. पुढे ते वाजवायचे थांबले. मी तोवर नोकरीसाठी मुंबईला गेलो होतो आणि गणपतीला येई तेव्हा त्यांच्या घरावरून जाताना पडवीकडे पाहत नसे. याला अपराधाची जाणीव म्हणावे तर तसेही नव्हते. मी खोटे बोललो असे मला वाटत नव्हते. खरे बोललो होतो, पण ते बोलण्याचा अधिकार माझा नव्हता, इतकेच मी स्वतःशी कबूल केले होते, आणि एवढ्या कबुलीवर तीस-पस्तीस वर्षे निभावली.

नातवाच्या निरोपाने ते निभेना. मी प्रथम त्या प्रतीत विजेची घूं शोधली. जुन्या टेपांवर सगळीकडे एक बारीक घूं असते, ती घरातल्या विजेची, सेकंदाला पन्नास कंपनांची. मशिनचा वेग चुकला असता तर घूंही पन्नासावरून ढळली असती, असा माझा तर्क. संगणकाने घूं दाखवली ती नेमकी पन्नासावर. मशीन निर्दोष. मला बरे वाटले, हे लिहिताना लाज वाटते. पण वीस वर्षांच्या त्या पोराचे कान खरे ठरले म्हणून मला त्या रात्री बरे वाटले होते.

झोप मात्र लागली नाही, कारण ती ‘कुईं’ डोक्यातून जाईना. वीज गेली तेव्हा टेप मंदावत मंदावत थांबली आणि मशिनमध्ये उरलेल्या विजेवर आवाज क्षणभर नोंदला जात राहिला. मंद चाललेली टेप पुढे योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. आम्ही ज्याला हसलो ते एवढेच होते. आणि मशिनची मोटर कशावर चाले? व्होल्टेजवर नव्हे, विजेच्या ठेक्यावर. पन्नास कंपने असली की ठरलेला वेग, अठ्ठेचाळीस झाली की तितका कमी. त्या काळी संध्याकाळी सगळीकडचे दिवे एकदम लागले की विजेवरचा भार वाढे आणि हा ठेका खाली येई. स्टॅबिलायझर व्होल्टेज सावरतो; ठेका सावरणे त्याच्या हातात नसते. घूंही त्याच विजेची, म्हणून टेप मंदावली तेव्हा तीही तेवढीच खाली उतरलेली होती, आणि सकाळी पूर्ण वेगाने वाजवताच परत पन्नासावर येऊन साळसूदपणे बसली. आरोपीलाच मी साक्षीला बोलावले होते. विजेशी ज्याचा संबंध नाही असे त्या खोलीच्या आसपास एकच होते, आणि ते बंद करायला मी विसरलो होतो.

एसटी गेल्यानंतरच्या शांततेत घड्याळाचे ठोके आहेत. बारीक, पण स्पष्ट.

काका जाऊन सहा वर्षे झाली. काकू त्याच घरात राहतात, घड्याळ त्याच ओटीवर आहे आणि दर रविवारी त्या स्टुलावर चढून त्याला किल्ली देतात. मी मेच्या पहिल्या शनिवारी गेलो, कोकमाचे सरबत घेतले, आणि कशासाठी आलो ते सांगितल्यावर काकूंनी काही न विचारता ओटीवरचा पंखा बंद केला. मोबाइलवर वेळ लावून मी ठोके मोजले: मिनिटाला एकशे चार. तीनदा मोजले, तीनदा तेवढेच. दिवसाला दोन मिनिटे मागे पडते, असे काकू म्हणाल्या. तेवढ्याने माझ्या हिशेबात काहीच बिघडत नव्हते. टेपवर हेच एकशे चार ठोके अठ्ठावन्न सेकंदांत पडत होते. म्हणजे वीज त्या संध्याकाळी पन्नासाऐवजी अठ्ठेचाळीसच्या थोडी वर होती, आणि सकाळी मास्तरांचा प्रत्येक सूर सा आणि कोमल रे यांच्यामधल्या अंतराच्या निम्म्याहून किंचित जास्त वर गेलेला होता. बरोबर दोन पट्ट्यांच्या मध्ये, जिथे बुवांना तो सापडला.

मी हे काकूंना समजावत असताना त्या उठून आत गेल्या आणि कपाटातून एक काळी डबी घेऊन आल्या. वरती काच, काचेमागे ओळीने उभ्या बारीक पत्त्या, प्रत्येकीच्या खाली आकडा: ४७ पासून ५३ पर्यंत. विजेला जोडली की ज्या आकड्याइतका ठेका असेल ती पत्ती थरथरते. पेटीतल्या सुरांच्या पत्त्या आणि या पत्त्या यांत तत्त्वाचा फरक नाही. ‘तू मुंबईला गेल्यानंतर त्यांनी ही चोरबाजारातून आणली,’ काकू म्हणाल्या. ‘संध्याकाळी लावून नुसते बघत बसायचे. कुठली हलते, कुठली हलते. मला वाटायचे, हे काय नवीन खूळ.’

म्हणजे काकांना कळले होते. मास्तरांना त्यांनी सांगितले का, हे मी विचारले. काकूंनी बराच वेळ आठवून पाहिले. एकदा सायकल काढून मास्तरांकडे म्हणून गेले होते, एवढे त्यांना आठवत होते. पण लगेच परत आले, बहुधा मास्तर घरी नव्हते. पुन्हा गेले का, ते त्यांना सांगता येईना. मला काकांचा राग आला आणि तो फार वेळ धरता आला नाही. सायकलवरून निघून, त्या घराच्या बेड्यापर्यंत जाऊन, परत फिरणे म्हणजे काय हे मी चांगले जाणतो. मी तर सायकलही काढली नव्हती.

घरी येऊन मी अठ्ठावन्न सेकंद साठ केले. ठोके जागेवर आले. घूं पन्नासावरून खाली घसरली आणि आता ती कुठल्याच सुराला धरून नाही. मास्तरांचा बोलण्याचा आवाज, जो इतकी वर्षे मला आठवणीपेक्षा किंचित पातळ वाटे, तो जड झाला. पायपेटी माझ्याकडे नाही. लहान हार्मोनियम आहे. ब्लूज सुरू केला आणि काळी दोन दाबून धरली, मास्तरांनी त्या सकाळी धरली होती तशीच. पट्टी आणि सॅक्सोफोन यांच्यामध्ये केस शिरायला जागा नव्हती. शेवटची ‘कुईं’ तेवढी काढता आली नाही, आणि काढावीशीही वाटली नाही.

नवी प्रत मी नातवाला पाठवली, सोबत सगळी हकिगत लिहिली, ‘तुम्ही चढे गेलात’ हे कोणी म्हटले तेही लिहिले. दोन दिवस काही आले नाही. तिसऱ्या दिवशी रात्री त्याने आपले रेकॉर्डिंग पाठवले: आजोबांची टेप वाजते आहे आणि तो बरोबर वाजवतो आहे, आधी दबकत, मग ब्लूजच्या दुसऱ्या फेरीला जरा मोकळा होऊन. माझ्या पत्राबद्दल त्यात एक अक्षर नाही. मी हार्मोनियम काढून पट्टी लावली. आजोबा सुरात आहेत. नातू किंचित चढा आहे. पुण्यात मे महिना आहे, आणि शेजाऱ्यांसाठी त्याने खिडक्या लावून घेतल्या असाव्यात.